वडिलांच्या चित्रशाळेतून: मुंबईतील स्त्री-चित्रकारांची व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे

व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र हे युरोपीय वास्तववादी चित्रकलेचे दोन प्रकार एकोणिसाव्या शतकात भारतात रुजले, तेव्हा त्यांच्याबरोबर चित्रकाराच्या वावरण्यासंबंधीच्या काही अटीही आल्या. व्यक्तिचित्र म्हणजे एका विशिष्ट माणसाला समोर बसवून, त्याच्या चेहऱ्यावरचा छायाप्रकाश न्याहाळून काढलेले त्याचे साम्यदर्शक चित्र; त्यासाठी चित्रकाराला परक्या माणसाकडे तासन्‌तास रोखून पाहण्याची मुभा लागते. निसर्गचित्र म्हणजे स्थळी जाऊन, उघड्यावर बसून, बदलत्या उजेडाशी स्पर्धा करत रंगवलेले दृश्य. त्यासाठी घाटावर, बाजारात किंवा डोंगरउतारावर एकट्याने बसण्याची मोकळीक लागते. या दोन्ही गोष्टी त्या काळच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रीला सहजासहजी मिळणाऱ्या नव्हत्या, आणि म्हणूनच मुंबईत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत ज्या स्त्रिया चित्रकार म्हणून उभ्या राहिल्या त्यांचा इतिहास समजून घेताना त्यांच्या कौशल्याइतकाच त्यांना मिळालेल्या वाटेचाही विचार करावा लागतो. ती वाट बहुतेक वेळा वडिलांच्या चित्रशाळेतून जात होती.

स्त्रीची प्रतिमा आणि प्रतिमा घडवणारी स्त्री यांत किती अंतर होते, हे मराठी राज्यकर्त्यांच्याच एका दूरच्या प्रांतात स्पष्ट दिसते. तमिळनाडूतील कुंभकोणम आणि मयिलाडुतुरै यांच्या दरम्यान, कावेरीच्या भातपट्ट्यात, भात संशोधनासाठी ओळखले जाणारे आडुतुरै हे गाव आहे. त्याच्या पश्चिमेला अगदी जवळ तिरुविडैमरुदूर येथे महालिंगस्वामीचे मोठे मंदिर आहे. या मंदिराला तंजावरच्या भोसले घराण्याशी नाते असलेल्या अम्मुनु अम्मणी या स्त्रीने १८५३ मध्ये एक दीपलक्ष्मी अर्पण केली. दीपलक्ष्मी, म्हणजे तमिळमध्ये पावै विळक्कु, ही दोन्ही हातांत दिव्याची पणती धरून उभी असलेली धातूची स्त्रीमूर्ती होय. नात्यातील प्रतापसिंहाशी आपला विवाह जुळावा म्हणून या स्त्रीने लक्षदीपांचा नवस बोलला होता, आणि त्या लाख दिव्यांपैकी एक दिवा आपल्याच मूर्तीच्या हाती देऊन तिने तो फेडला, असे मूर्तीच्या बैठकीवरील लेखातून कळते. आपले रूप देवापुढे कायमचे उभे राहावे अशी इच्छा धरणारी, त्यासाठी खर्च करणारी आणि आपले नाव कोरून घेणारी अशी ही स्त्री आहे. मूर्ती घडवणारे हात मात्र कारागिराचे होते.

तंजावर दरबारात चित्रांची वाण नव्हती. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या आश्रयाने ग्रंथ, वैद्यक, संगीत आणि चित्रकला या सर्वच क्षेत्रांत मोठे काम झाले, आणि इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने घडवलेला त्यांचा संगमरवरी पुतळा आजही तंजावरच्या राजवाड्यात उभा आहे. लाकडी फळीवर सोन्याचा वर्ख आणि खडे बसवून केलेली तंजावर शैलीची देवचित्रे याच काळात बहरली. परंतु ही चित्रे रंगवणाऱ्या राजू घराण्यांत विद्या वडिलांकडून मुलाकडे जात असे. त्याच दरबारात दोन पिढ्यांआधी, अठराव्या शतकातील दुसऱ्या एका प्रतापसिंह राजांच्या काळात, मुद्दुपळनी या कलावंतिणीने तेलुगू काव्य रचून कवयित्री म्हणून नाव मिळवले होते. शब्दाच्या क्षेत्रात स्त्रीला असे नाव मिळू शकत होते, रंगाच्या क्षेत्रात व्यवसायाची दारे घराण्याच्या रीतीने बंद होती. रोज पहाटे दारापुढे तांदळाच्या पिठाची कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढणाऱ्या स्त्रियांच्या बोटांत रेषेची उपजत जाण होती यात शंका नाही, पण ती रेषा संध्याकाळपर्यंत पुसली जात असे आणि तिच्यावर कोणाचे नाव नसे.

हे चित्र बदलण्यास कारणीभूत झाली ती चित्रविद्येची शाळा. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कला विद्यालयाने, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या जे. जे.ने, चित्रकला ही जातीने मिळणारी विद्या न ठेवता वर्गात बसून, परीक्षा देऊन मिळवायची विद्या बनवली. तेथील शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. प्रथम ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून आरेखन, त्याला अँटिक म्हणत. त्यानंतर जिवंत माणसाला समोर बसवून मस्तकाचे आणि संपूर्ण देहाचे चित्रण, ज्याला लाइफ म्हणत. आणि अखेरीस स्वतंत्र रचनाचित्र. १९१९ च्या सुमारास कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन विद्यालयाचे प्रमुख झाले आणि त्यांनी लाइफच्या वर्गाला अभ्यासक्रमात ठळक स्थान दिले, भित्तिचित्रांचा वर्ग उभारला आणि नवी दिल्लीच्या सचिवालयातील भिंतींचे काम आपल्या विद्यार्थ्यांकडे आणले. या शिक्षणाच्या अखेरीस मिळणारी पदविका म्हणजे जी. डी. आर्ट, अर्थात शासकीय कला पदविका. दुसऱ्या बाजूला १८८८ मध्ये स्थापन झालेली बाँबे आर्ट सोसायटी वार्षिक प्रदर्शने भरवीत असे, आणि तिथे मिळालेले पदक चित्रकाराच्या व्यावसायिक आयुष्याची दिशा ठरवीत असे. आरंभीच्या काळात या प्रदर्शनांत स्त्रियांची चित्रे असत ती मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या कुटुंबातील हौशी चित्रकर्त्यांची, आणि त्यांत जलरंगातील निसर्गदृश्यांचा भरणा मोठा असे.

भारतीय घरांत पहिली वाट उघडली ती नात्यातून. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांची धाकटी बहीण मंगलाबाई तंपुराट्टी भावाच्या सहवासात तैलरंग शिकली आणि तिने काढलेले रविवर्म्याचे व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. भावाने बहिणीला बसवून चित्र काढणे ही गोष्ट घरोघर घडली असेल. बहिणीने भावाला बसवून, त्याच्याच माध्यमात त्याचे चित्र काढणे ही त्या काळातील असाधारण गोष्ट होती. मात्र मंगलाबाईचे काम किळिमानूरच्या कौटुंबिक घराच्या परिघातच राहिले. व्यवसाय, प्रदर्शने, पदके आणि गिऱ्हाईक या गोष्टी तिच्या वाट्याला भावाइतक्या आल्या नाहीत.

मुंबईत हीच गोष्ट एका पिढीनंतर अधिक भक्कम पायावर घडली, कारण तिथे घराला शाळेची जोड मिळाली. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. १८९० मध्ये ते जे. जे.त विद्यार्थी म्हणून आले, १८९५ मध्ये त्यांना बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, पुढे ते तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये वरिष्ठ पदावरून निवृत्त झाले. या साऱ्या प्रवासाची हकीकत सांगणाऱ्या आपल्या आत्मकथनाला त्यांनी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे नाव दिले. त्यांचा हात विलक्षण वेगवान होता. तैलरंगातील ऐतिहासिक प्रसंग, देवदेवतांची मुद्रणासाठी केलेली चित्रे, जाहिराती, पोस्टकार्डे, पुस्तकांतील चित्रे अशा सर्व प्रकारांत त्यांनी हजारो चित्रे केली. ऑटो रॉथफेल्ड यांच्या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या जातींच्या आणि प्रांतांच्या स्त्रियांची जलरंगचित्रे काढली. त्या चित्रांतील वस्त्रांची चुण, दागिन्यांची घडण आणि उभे राहण्याची लकब इतकी अचूक आहे की त्या काळच्या वेशभूषेचा अभ्यास त्यांच्यावाचून पुरा होत नाही. तरीही ती स्त्री-नमुन्यांची चित्रे आहेत. त्यांतील प्रत्येक स्त्री आपल्या समाजाची प्रतिनिधी म्हणून उभी आहे, आणि तिचे स्वतःचे नाव चित्राखाली नाही.

ज्या घरात ही चित्रे होत होती, त्याच घरात ४ जानेवारी १९१२ रोजी अंबिका धुरंधर यांचा जन्म झाला. रंग घोटणे, कागद ताणून फळीवर चिकटवणे, मॉडेलला बसवणे, संस्थानिकांची पत्रे येणे, चित्रे पेटीत भरून प्रदर्शनाला जाणे या सर्व गोष्टी त्यांनी लहानपणापासून पाहिल्या. वडिलांकडून प्राथमिक शिक्षण घेऊन त्या जे. जे.त गेल्या आणि १९३१ मध्ये, म्हणजे वडील निवृत्त झाले त्याच वर्षी, जी. डी. आर्ट झाल्या. एका महाराष्ट्रीय हिंदू घरातील मुलीने त्या काळात ही पदविका घेणे याचे महत्त्व आज सहज लक्षात येत नाही. पदविका मिळवायची तर लाइफच्या वर्गात सहाध्यायी मुलांबरोबर बसून मानवी देहाचा अभ्यास करावा लागे, शरीराची हाडे आणि स्नायू यांचे ज्ञान परीक्षेत दाखवावे लागे, आणि हे सर्व करून घरी परतल्यावर त्याविषयी कोणी कुजबुजणार नाही असे घर असावे लागे. धुरंधरांचे घर तसे होते. त्यांनी मुलीच्या शिक्षणाकडे छंद म्हणून पाहिले नाही. खार येथे बांधलेल्या आपल्या बंगल्याला त्यांनी ‘अंबासदन’ असे तिचेच नाव दिले, आणि प्रवासात, संस्थानांच्या भेटीगाठींत, प्रदर्शनांत तिला सहचित्रकार म्हणून बरोबर नेले.

निसर्गचित्राच्या दृष्टीने ही सोबत निर्णायक ठरली. मुंबईच्या वास्तववादी परंपरेत जलरंगातील निसर्गचित्राला फार मोठे स्थान होते, एम. के. परांडेकर, लक्ष्मण नारायण तासकर, सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्यासारखे चित्रकार नदीचे घाट, देवळांचे आवार, बाजारपेठा आणि समुद्रकिनारे स्थळी बसून रंगवीत. पारदर्शक जलरंगाची रीत मोठी कठोर आहे. तिच्यात पांढरा रंग वापरत नाहीत. कागदाचा पांढरेपणा हाच उजेड, म्हणून देवळाच्या कळसावर पडलेले ऊन किंवा ओल्या पायरीवरची चमक जिथे हवी तिथला कागद आरंभापासून कोरा राखावा लागतो. एकदा मारलेला हात पुन्हा उचलता येत नाही, आकाशाचा लेप ओला असतानाच त्यात ढगाची कड विरघळवावी लागते, आणि ऊन सरकले की सावलीची दिशा बदलत असल्याने सगळे काम तास-दीड तासात आटोपावे लागते. असे काम करणाऱ्याभोवती गर्दी जमतेच. पुरुष चित्रकाराभोवती जमणारी गर्दी चित्र पाही. तरुण स्त्री चित्रफळी घेऊन बसली तर गर्दी तिच्याकडे पाहणार होती. वडील शेजारच्या स्टुलावर बसून तेच दृश्य रंगवीत असतील तर त्या नजरांना आपोआप आवर बसे, आणि मुलीचे लक्ष कागदावर राही. या काळातील निसर्गचित्रांविषयी लिहिताना शैली, प्रभाव आणि रंगसंगती यांची चर्चा पुष्कळ होते. शेजारच्या या स्टुलाची होत नाही, आणि ती व्हायला हवी.

या व्यवस्थेची किंमतही होती. ज्यांच्या सोबतीने बाहेर पडता आले, त्यांचीच दृष्टी हातात उतरणे स्वाभाविक होते, आणि अंबिका धुरंधर यांच्या चित्रांकडे पाहणारा समीक्षक आरंभीच ‘धुरंधरांची शैली’ असे म्हणून पुढे जाई. त्यांनी व्यक्तिचित्रे केली, ऐतिहासिक आणि पौराणिक रचना केल्या, निसर्गचित्रे केली, आपली चित्रे प्रदर्शनांतून मांडली. १ जून १९४४ रोजी वडील गेले, तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. त्यापुढची पासष्ट वर्षे त्यांनी स्वतःच्या चित्रकारितेबरोबरच वडिलांचा चित्रसंग्रह, कागदपत्रे आणि आठवणी जपण्यासाठी वेचली. ३ जानेवारी २००९ रोजी, वयाची सत्त्याण्णव वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले. ‘माझी स्मरणचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. मराठीत चित्रकारांची आत्मकथने मुळातच थोडी, स्त्री-चित्रकाराचे आत्मकथन तर अतिशय दुर्मीळ, म्हणून त्या पुस्तकाचे मोल मोठे आहे.

अंबिका धुरंधर यांच्याच काळात, त्याच विद्यालयाच्या परिसरात, दुसऱ्या एका शिक्षकाची मुलगी वाढत होती. आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद यांचा जन्म १८७० मध्ये गोव्यात सांगे येथे झाला. मुंबईला येऊन त्यांनी जे. जे.त शिक्षण घेतले आणि तिथेच अध्यापन केले. व्यक्तिचित्रात, विशेषतः अंधाऱ्या पार्श्वभूमीतून उजळत येणाऱ्या चेहऱ्याच्या चित्रणात, त्यांचा हात असा होता की त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. १९२० मध्ये त्यांना बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पत्नी फ्लोरा आणि मुले ही त्यांची नेहमीची मॉडेल्स होती. १९०९ मध्ये जन्मलेल्या अँजेला त्रिंदाद यांनी अशा घरात डोळे उघडले, जिथे घरातील माणसांनी न हलता बसणे आणि त्यांच्याकडे चित्रकाराच्या नजरेने पाहणे हा दिनक्रमाचा भाग होता. व्यक्तिचित्राचे शिक्षण म्हणून याहून चांगली शाळा सापडणे कठीण, कारण तिथे मुलगी चित्राच्या दोन्ही बाजूंनी बसते: मॉडेल म्हणून मान अवघडणे काय असते हे तिला ठाऊक असते, आणि म्हणून ब्रश हाती घेतल्यावर समोरच्या माणसाचा थकवा, त्याची सैलावलेली खांद्याची रेषा, तिसऱ्या बैठकीला चेहऱ्यावर येणारा मोकळेपणा ती टिपू शकते.

अँजेला त्रिंदाद यांनीही जे. जे.त शिक्षण घेतले, वास्तववादी व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे केली, पण त्या तिथे थांबल्या नाहीत. सॉलोमन यांच्या काळात विद्यालयात भारतीय शैलीतील अलंकारिक रचनेवर जो भर होता, त्याचा उपयोग त्यांनी ख्रिस्ती विषयांसाठी केला. साडी नेसलेली मरिया, भारतीय चेहऱ्यामोहऱ्याचे देवदूत, अजिंठ्याच्या चित्रांची आठवण देणारी वळणदार बोटे अशा रूपांत त्यांनी बायबलमधील प्रसंग रंगवले, आणि या कामाची दखल घेऊन पोप बारावे पायस यांनी त्यांचा सन्मान केला. पुढे त्या अमेरिकेत गेल्या. उत्तरायुष्यात त्यांनी त्रिकोणांच्या रचनेवर आधारलेली अमूर्ताकडे झुकणारी स्वतःची शैली घडवली आणि तिला ‘त्रिंदादिझम’ असे नाव दिले. १९८० मध्ये ब्राझीलमध्ये त्यांचा मृत्यू झाला. एकाच आयुष्यात वास्तववादी व्यक्तिचित्र, भारतीय शैलीतील धर्मचित्र आणि भौमितिक अमूर्त चित्र अशा तीन टप्प्यांतून गेलेली ही चित्रकार वडिलांच्या छायेतून किती दूर गेली होती, हे त्या तिन्ही टप्प्यांची चित्रे एकत्र पाहिल्यावरच उमगते. त्रिंदाद पिता-पुत्रींच्या चित्रांचा मोठा संग्रह कुटुंबाच्या देणगीतून पणजीत फोंतेन्यास वस्तीतील फुंदासांव ओरियेंत या संस्थेत आहे.

मुलगी चित्रकार होणे आणि मुलगी चित्राचा विषय होणे या दोन शक्यता मुंबईच्या चित्रकार-घराण्यांत शेजारी शेजारी नांदत होत्या. हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगात रंगवलेले, हाती समई धरलेल्या तरुणीचे चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. हाताच्या आडोशाने दिव्याची ज्योत झाकलेली, बोटांच्या कडा तांबूस पारदर्शक झालेल्या, आणि खालून वर पसरत गेलेला उजेड साडीच्या घडीघडीत मंद होत जाणारा: पारदर्शक जलरंगातून इतका प्रखर आणि इतका सूक्ष्म प्रकाश काढणे ही असामान्य गोष्ट आहे, आणि पुष्कळ प्रेक्षक ते तैलरंगातले रविवर्म्याचे चित्र समजतात. त्या चित्रासाठी हळदणकरांची कन्या गीता दिवा धरून उभी राहिली होती. तिरुविडैमरुदूरच्या दीपलक्ष्मीनंतर जवळजवळ शतकाने दिवा धरलेली आणखी एक मराठी स्त्री कलेत अमर झाली. या वेळी चित्रकाराचे नाव जगाला ठाऊक आहे आणि तिचे नावही.

हळदणकरांच्या या चित्राच्या आदल्या दशकात मुंबईने एका वेगळ्याच स्त्री-चित्रकाराची चित्रे पाहिली होती. ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या अमृता शेरगिल या अंबिका धुरंधर यांच्याहून वयाने एका वर्षाने लहान. वडील पंजाबी सरदार, आई हंगेरियन, शिक्षण पॅरिसच्या एकोल दे बोझार्तमध्ये, आणि १९३३ मध्ये तिथल्या ग्राँ सालाँ प्रदर्शनाचे सुवर्णपदक. १९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या आणि नोव्हेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. मुंबईतील वकील आणि कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी त्यांची याच वेळी ओळख झाली. खंडालावाला यांनी त्यांना जुन्या लघुचित्रांचे सामर्थ्य दाखवले, आणि अमृता यांच्या मृत्यूनंतर १९४४ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. मुंबईहून त्या अजिंठा आणि वेरूळ पाहायला गेल्या, आणि तिथून दक्षिणेत त्रिवेंद्रम, कन्याकुमारी, कोचीन असा प्रवास करून परतल्यावर १९३७ मध्ये त्यांनी ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय गावकरी’ ही तीन मोठी चित्रे रंगवली.  त्याच वर्षी बाँबे आर्ट सोसायटीने ‘तीन मुली’ या त्यांच्या १९३५ मधील चित्राला सुवर्णपदक दिले.

‘तीन मुली’ हे चित्र मुंबईच्या व्यक्तिचित्रपरंपरेसमोर ठेवून पाहिले की दोन शिक्षणांतला फरक लगेच डोळ्यांत भरतो. साध्या, जवळजवळ रिकाम्या पार्श्वभूमीवर गडद, शुद्ध रंगांच्या वस्त्रांतील तीन तरुणी बसल्या आहेत. घराचा कोपरा नाही, दागिन्यावरची चमक नाही. चेहऱ्यांवरचा प्रकाश कुठल्या खिडकीतून येतो हे कळत नाही, कारण चित्रकाराने उजेड-सावलीच्या खेळापेक्षा आकारांच्या मोठ्या, सपाट वजनांवर भर दिला आहे. तिघींच्या नजरा खाली वळल्या आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत, तरी एकाच प्रतीक्षेत बसल्या आहेत असे वाटते. धुरंधरांच्या चित्रातील स्त्रीला तिच्या वेशाने ओळखावे, शेरगिल यांच्या चित्रातील स्त्रीला तिच्या मौनाने. मुंबईच्या परीक्षकांनी या चित्राला पदक दिले ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवण्यासारखी आहे, कारण त्याच परीक्षकांच्या भोवतीची बहुतेक चित्रे अगदी निराळ्या निकषांवर उभी होती.

तरीही अमृता शेरगिल यांचे स्वातंत्र्य हे केवळ प्रतिभेचे फळ मानणे अपुरे ठरेल. पॅरिसमध्ये त्यांना पैसे देऊन व्यावसायिक मॉडेल मिळत. सिमल्यात आणि गोरखपूर जिल्ह्यातील सराया येथे घरचे नोकरचाकर, नातलग आणि आसपासची माणसे त्यांच्यासमोर बसत. हे सर्व उपलब्ध करून देणारे कुटुंब, पैसा आणि परदेशी शिक्षण त्यांच्यापाशी होते. शिवाय व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र यांतले अंतर त्यांच्या बाबतीतही पुरते मिटलेले नाही. त्यांची माणसे समोरासमोर, अगदी जवळून पाहिलेली आहेत; निसर्ग मात्र पुष्कळदा उंचावरून किंवा दुरून येतो. हंगेरीतील बर्फाळ गावाचे दृश्य, सरायाच्या परिसरातील हत्ती, आणि ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरमध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मृत्यू आला तेव्हा अपुरे राहिलेले, घराच्या वरच्या मजल्यावरून दिसणाऱ्या घरांचे आणि म्हशींचे चित्र ही त्याची उदाहरणे आहेत. रस्त्यात उतरून रंगवण्यापेक्षा गच्चीवरून पाहून, मनात साठवून, चित्रशाळेत रंगवणे त्यांना मानवले, आणि त्यातूनच त्यांच्या निसर्गचित्रांना तो सपाट, एकवटलेला, लघुचित्रासारखा आकार आला.

इतिहासाच्या पुस्तकांत १९३६ नंतरची मुंबई ही नव्या कलेची मुंबई म्हणून येते. चार्ल्स जेरार्ड जे. जे.चे प्रमुख झाले, युरोपातून निर्वासित म्हणून आलेल्या वॉल्टर लँगहॅमर आणि रूडी फॉन लायडन यांनी तरुण चित्रकारांना नवी पुस्तके आणि नवे विचार दिले, आणि १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. या कथेत वास्तववादी व्यक्तिचित्र आणि स्थळी बसून केलेले निसर्गचित्र हे जुने, मागे टाकायचे प्रकार ठरले. अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद यांच्या पिढीवर हा बदल दुहेरी आदळला. स्त्रियांना ज्या विद्येची दारे नुकती उघडली होती, ज्या लाइफच्या वर्गात आणि ज्या घाटावर बसण्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी धैर्य दाखवले होते, ती विद्याच त्यांच्या उमेदीच्या वर्षांत अप्रतिष्ठित झाली. पुरुष वास्तववाद्यांना निदान संस्थानिकांची, महापालिकांची आणि बँकांची व्यक्तिचित्रे मिळत राहिली. सभागृहांत लावायच्या त्या भव्य तैलचित्रांची कामे स्त्रियांकडे क्वचितच आली. म्हणून या पिढीची व्यक्तिचित्रे बहुतांशी घरांत राहिली, निसर्गचित्रे बांधणीच्या वह्यांत आणि खणांत राहिली, आणि त्यांची नावे वडिलांच्या चरित्रातील एका वाक्यात गेली.

पुढच्या पिढीने वाट बदलली. कोल्हापुरातील चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांची कन्या भानू, पुढे भानू अथैया, हिने वडिलांकडे बालपणीच चित्रकलेचे धडे घेतले, जे. जे.चे सुवर्णपदक मिळवले आणि १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह गटाच्या प्रदर्शनात सहभाग घेतला; नंतर ती चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळली आणि ‘गांधी’ चित्रपटासाठी तिला १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभा यांनी शेरगिल यांचा वारसा घेऊन कोळिणींची आणि खेड्यातील कष्टकरी स्त्रियांची लांबट, विषण्ण चित्रे रंगवली. गोव्यात जन्मलेल्या प्रफुल्ला डहाणूकर यांनी १९५५ मध्ये जे. जे.चे सुवर्णपदक घेतले, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये वासुदेव गायतोंडे यांच्या सहवासात काम केले, आणि निसर्गचित्र स्थळावरून उचलून मनातील अवकाशात नेले. त्यांच्या चित्रांत क्षितिज आहे, पण ते कोणत्या गावचे हे सांगता येत नाही. या पिढीला शेजारच्या स्टुलाची गरज उरली नव्हती.

२०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात म. वि. धुरंधर यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि तैलरंग, जलरंग, रेखाटने, पोस्टकार्डे अशा शेकडो वस्तूंमधून त्या चित्रकाराची व्याप्ती नव्या पिढीला कळली. असे प्रदर्शन उभे राहू शकले याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांच्या मुलीने अंबासदनात सहा दशके त्या कामाची राखण केली. तिच्या स्वतःच्या व्यक्तिचित्रांची आणि निसर्गचित्रांची मात्र अशी सलग मांडणी अजून व्हायची आहे: कोणते दृश्य कोणत्या साली, कोणत्या प्रवासात रंगवले, कोणते व्यक्तिचित्र कोणाचे, कुठे वडिलांचा हात आहे आणि कुठून तिचा स्वतःचा सुरू होतो, हे चित्राशेजारी चित्र ठेवून पाहण्याचे काम. पणजीत त्रिंदादांच्या बाबतीत, बापलेकीची चित्रे एकाच छताखाली असल्यामुळे, ते काम निम्मे झाले आहे. मुंबईत धुरंधरांच्या बाबतीत ते आता हाती घेता येईल, कारण दोघांचीही आत्मकथने छापील उपलब्ध आहेत आणि वडिलांच्या चित्रांचा कालक्रम या प्रदर्शनाच्या निमित्ताने बराचसा निश्चित झाला आहे.